कूटबद्ध डिस्क आणि तिचें शीर्ष

ज्या डिस्कवर घरांतील हिशेब, दस्तऐवज, पत्रव्यवहार आणि वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें साठविलेलीं असतात, ती चोरीस गेली म्हणजे त्या घराचें सारें खासगी जीवनच परक्याच्या हातीं पडतें. हें टाळण्यासाठीं डिस्कवरील मजकूर कूटबद्ध करून ठेवतात. परवलीचा शब्द ज्यास ठाऊक, त्यालाच तो वाचतां येतो. इतरांस तेथें निरर्थक अंकांची रास दिसते. परंतु हें संरक्षण चोर आणि धनी यांच्यांत भेद करीत नाहीं. धन्याच्या हातून डिस्कचा आरंभींचा लहानसा भाग पुसला गेला, तर परवलीचा शब्द तोंडपाठ असूनही तो स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहतो. असें कां घडतें आणि त्यांतून वाट केव्हां निघते, हें समजण्यासाठीं डिस्कची अंतर्रचना पाहिली पाहिजे.

लिनक्स प्रणालींत या कामासाठीं लक्स नांवाची योजना प्रचलित आहे. क्लेमेन्स फ्रुविर्थ यांनीं ती २००४ सालीं तयार केली. परवलीचा शब्द हीच डिस्कची किल्ली, असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नव्हे. डिस्क प्रथम सिद्ध करतांना संगणक एक मूळ किल्ली यदृच्छेनें निर्माण करतो आणि सर्व मजकूर त्या किल्लीनें बंद करतो. मग ती मूळ किल्ली परवलीच्या शब्दानें बंद करून डिस्कच्या आरंभीं ठेवली जाते. मोठ्या तिजोरीची किल्ली एका लहान पेटींत ठेवावी आणि कुलूप त्या पेटीला लावावें, तसाच हा प्रकार होय. यामुळें परवलीचा शब्द बदलावयाचा झाल्यास सारी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाहीं. पेटीचें कुलूप बदललें कीं पुरे. जुन्या लक्समध्यें अशा किल्ल्यांचे ८ कप्पे असत. २०१७ सालीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तींत ते ३२ पर्यंत असूं शकतात. हे कप्पे आणि त्यांचें वर्णन मिळून जो भाग होतो, त्यालाच हेडर, म्हणजे डिस्कचें शीर्ष म्हणतात. दुसऱ्या आवृत्तींत त्यासाठीं साधारणतः १६ मेगाबाइट जागा राखलेली असते.

या पेटीची घडण मुद्दामच नाजूक ठेवलेली आहे. ६४ बाइटांची किल्ली ४००० पट पसरून २,५६,००० बाइटांत अशी विखुरतात कीं, त्यांतील थोडासा अंश नाहींसा झाला तरी उरलेल्यावरून किल्ली जुळवितां येऊं नये. रद्द केलेल्या किल्लीचे अवशेष डिस्कवर राहून ते शत्रूच्या उपयोगीं पडूं नयेत, हा त्यांतील हेतु. मात्र अपघाताच्या वेळीं हाच गुण धन्याच्या विरुद्ध जातो.

अपघात बहुधा साध्या चुकीनें घडतो. नवी प्रणाली बसवितांना भलत्याच डिस्कचें नांव दिलें जातें, किंवा डिस्क कोरी आहे असें समजून दुसरा संगणक तिच्यावर नवी विभागणी लिहितो. अशा वेळीं डिस्क अद्याप उघडी असेल आणि संगणक चालू असेल, तर तो मुळींच बंद करूं नये. मूळ किल्ली त्या क्षणीं संगणकाच्या चालू स्मरणांत जिवंत असते. वीज गेली कीं ती गेली. वेळ न दवडतां प्रथम सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. कांहीं मांडण्यांत जाणकारास स्मरणांतील ती किल्ली काढून तिच्या आधारें नवें शीर्षही बांधतां येतें.

संगणक बंद झाला असेल, तर काय शिल्लक आहे हें पाहावें लागतें. तत्पूर्वीं संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढावी आणि सारे प्रयोग त्या नकलेवर करावेत. दुसऱ्या आवृत्तींत शीर्षाच्या वर्णनाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरीवरून ती सुधारतां येते. किल्ल्यांच्या कप्प्यांची मात्र दुसरी प्रत डिस्कवर नसते. एकही कप्पा शाबूत नसेल, तर आशा संपली. तोच परवलीचा शब्द देऊन डिस्क पुन्हा सिद्ध केल्यानें कांहीं साधत नाहीं, उलट उरलेंसुरलेंही पुसलें जातें. कारण नवी किल्ली पुन्हा यदृच्छेनेंच निर्माण होते, आणि शब्द तोच असला तरी किल्ली ती नसते. एकामागून एक किल्ली लावून पाहावी म्हटलें, तर २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यतांची संख्या ७८ अंकी आहे. मजकूर अक्षरन् अक्षर डिस्कवर असतो, आणि तरीही तो गेलेलाच असतो.

म्हणून खरा उपाय अपघातापूर्वींचा. लक्सच्या साधनांत शीर्षाची प्रत काढण्याची आज्ञा आहे. लक्सहेडरबॅकअप हें तिचें नांव. काम कांहीं क्षणांचें. पुढें शीर्ष पुसलें गेलें, तर ही प्रत पुन्हा जागेवर बसवितां येते. शीर्षापलीकडील जेवढ्या मजकुरावर नवें कांहीं लिहिलें गेलें नसेल, तेवढा सारा परत मिळतो. ही प्रत त्याच डिस्कवर ठेवणें व्यर्थ. ती निराळ्या ठिकाणीं, दस्तऐवजाइतकीच जपून ठेवावी. तिला एक दुसरी बाजूही आहे. एखादा परवलीचा शब्द फुटला म्हणून बदलला, तरी जुन्या प्रतींतील पेटी त्या जुन्या शब्दानें उघडतेच, आणि तींत मूळ किल्ली तीच असते. यास्तव शब्द बदलला कीं नवी प्रत काढावी आणि जुनी नष्ट करावी.

अशा प्रतीवांचून केवळ परवलीच्या शब्दावर विसंबणें म्हणजे संरक्षणाचें अर्धेंच काम करणें होय. मजकूर परक्यापासून राखावयाचा, तसाच तो धन्याच्या हातच्या चुकीपासूनही राखावा लागतो. आणि त्यासाठीं लागणारी जागा १६ मेगाबाइटांहून अधिक नाहीं.