हिशेबाचे सॉफ्टवेअर पोहरादेवीच्या यात्रेत टिकेल काय?

हिशेब लिहिणे हे एकेकाळी पेढीवरच्या दिवाणजीचे काम होते. आज तो एक स्वतंत्र उद्योग झाला आहे आणि त्याचे मोठमोठे मेळावे भरू लागले आहेत. १८ ते २१ नोव्हेंबर २०२२ या काळात मुंबईच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये लेखापालांची एकविसावी जागतिक परिषद भरली होती. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे सुरू झालेली ही परिषद ११८ वर्षांत प्रथमच भारतात आली. भारतीय सनदी लेखापाल संस्था तिची यजमान होती. अशा परिषदेला सनदी लेखापाल जातात. आपल्यासारख्या दुकानदारांसाठी सॉफ्टवेअरवाले वेगळे मेळावे घेतात. नागपूरच्या अशाच एका मोठ्या मेळाव्याला आम्ही हजेरी लावली. तेथे जे पाहिले व ऐकले, ते व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आमचा व्यवसाय कापडाचा. दुकान आहेच, शिवाय यात्रा-बाजारातही आम्ही माल लावतो. मेळाव्यात प्रत्येक स्टॉलवर आपलेच सॉफ्टवेअर सर्वांत चांगले, असे सांगितले जात होते. मापाचा गज बरोबर नसेल तर कापड मोजता येत नाही, तसेच हेही आहे. म्हणून आम्ही एकच गज ठरवला : पोहरादेवीची यात्रा. जे सॉफ्टवेअर त्या यात्रेतील एका दिवसाचा हिशेब नीट ठेवील, ते आपल्या कामाचे. बाकीचे कितीही भारी असले तरी ते दुसऱ्यांसाठी आहे.

पोहरादेवीचा व्यापार

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले गाव. बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीला भरणाऱ्या यात्रेत देशभरातून लाखो बंजारा भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर पोहोचवणारी लदेणी ही याच समाजाची तिजारत होती. व्यवहार काय असतो, हे तांड्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

अशा यात्रेत कापडाचा व्यापारी काय विकतो? फेटिया, कांचळीसाठी रंगीत सुती कापड, ओढणीचे कापड, लेस, भरतकामाचे आरसे, कवड्या, आणि तयार कपडेही. कापड मीटरने जाते, लेस वाराने, आरसे नगाने आणि कवड्या वजनाने. ताक्याच्या शेवटी तुकडा उरतो, तो कटपीसच्या भावात द्यावा लागतो. काही गिऱ्हाईक रोख देते, काही मोबाईलवरून, आणि आसपासच्या तांड्यांतले जुने गिऱ्हाईक सोयाबीन निघेपर्यंत नावे लिहायला सांगते. गर्दीत मोबाईलचे नेटवर्क मिळेलच, याची खात्री नसते. आता हा दिवस सॉफ्टवेअरमध्ये कसा बसवायचा?

कोणता नियम कोणाला?

मेळाव्यात सर्वांत जास्त वेळ ई-इन्व्हॉइसवर गेला. ज्या पेढीची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेली आहे, तिलाच तो १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे. नोंदीत केलेला प्रत्येक बदल सॉफ्टवेअरने टिपून ठेवलाच पाहिजे, हा १ एप्रिल २०२३ पासूनचा नियमही कंपनी कायद्याखालील कंपन्यांसाठी आहे, एकट्याच्या मालकीच्या दुकानासाठी नाही. हे दोन्ही नियम चांगलेच आहेत, पण त्यांची भीती दाखवून कोणी महागडे सॉफ्टवेअर गळ्यात घालू पाहत असेल, तर आधी विचारावे : "हा नियम आमच्या पेढीला लागू आहे काय?"

जे आपल्याला खरोखर लागू आहे, ते वेगळे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीचे दर बदलले. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावरील नगाला १८ टक्के कर झाला. त्याआधी ही सीमा एक हजाराची होती आणि वरचा दर १२ टक्के होता. म्हणजे अठराशे रुपयांच्या पोशाखावरचा कर एका रात्रीत १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अशा वेळी शेकडो नगांचे दर सॉफ्टवेअर स्वतः बदलते, की दुकानदाराने एकेक बसून बदलायचे? हा प्रश्न प्रत्येक स्टॉलवर विचारण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट खरेदीवरच्या कराच्या वजावटीची. १ जानेवारी २०२२ पासून असा नियम आहे की, माल देणाऱ्याने आपले बिल स्वतःच्या विवरणात दाखवले असेल आणि ते आपल्या नावावर सरकारी पोर्टलवर उमटले असेल, तरच वजावट मिळते. दोन लाखांच्या कापडावर ५ टक्क्यांनी दहा हजार रुपये होतात. बाहेरगावच्या घाऊक व्यापाऱ्याने बिल दाखवलेच नाही, तर हे दहा हजार आपल्या खिशातून जातात. दर महिन्याला आपली खरेदी पोर्टलशी पडताळून कोणत्या व्यापाऱ्याचे बिल आले नाही, हे सांगणारे सॉफ्टवेअर आपला खर्च भरून काढते.

पंचेचाळीस दिवस आणि सहा महिने

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि तीच मेळाव्यात सर्वांत कमी बोलली गेली.

आयकर कायद्यात २०२३-२४ या वर्षापासून एक नियम आला आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदतीत दिले नाहीत, तर वह्यांवरून नफा दाखवणाऱ्या पेढीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी धरता येतो. घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हा नियम नाही. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांच्या दृष्टीने हा नियम न्यायाचा आहे. त्यांचे पैसे वर्षभर अडकवून ठेवणारे व्यापारी कमी नव्हते. म्हणून ज्या कारागिरांनी अजून उद्यम नोंदणी केली नसेल, त्यांनी ती करून घ्यावी आणि आपला नोंदणी क्रमांक बिलावर छापावा.

पण व्यापाऱ्याच्या बाजूने पाहा. समजा, रामनवमीसाठी एका लहान यंत्रमागवाल्याकडून तीन लाखांचा माल आणला. त्यातला निम्मा रोखीने आणि निम्मा उधारीने गेला. यंत्रमागवाल्याला ४५ दिवसांत, म्हणजे साधारण मे महिन्यात, पैसे द्यायचे. तांड्यावरचा शेतकरी देणार तो ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाल्यावर किंवा दिवाळीच्या सुमारास कापूस वेचल्यावर. देण्याची मुदत दीड महिन्याची आणि येण्याची सहा महिन्यांची. मधल्या साडेचार महिन्यांत हे दीड लाख रुपये येणार कोठून? स्वतःचे भांडवल असेल तर ठीक, नाहीतर माणूस सावकाराच्या किंवा बँकेच्या व्याजाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. विक्री कमी म्हणून बंद पडलेली दुकाने थोडी; चालत्या दुकानात पैसा अडकला म्हणून बुडालेली जास्त.

हे अंतर कोणताही सल्लागार बाहेरून सांगू शकत नाही. ते फक्त आपल्या स्वतःच्या खातेवहीत दिसते. म्हणून सॉफ्टवेअर घेताना पहिली मागणी हीच करावी : कोणाकडे किती येणे आहे, ते किती दिवसांचे आहे, कोणाला किती देणे आहे आणि त्याची मुदत कधी भरते, हे एकाच पानावर समोरासमोर दिसले पाहिजे. ते पान दर जुम्याला किंवा आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी दुकानदाराने स्वतः वाचले पाहिजे. मग पुढच्या यात्रेला किती माल उचलायचा आणि किती उधारी द्यायची, हे आपोआप ठरते. मुदतीची उधारी लिहून ठेवावी, अशी ताकीद कुरआनमध्ये सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. या ताकिदीत रकमेइतकेच महत्त्व मुदतीलाही आहे, हे आपण विसरतो. आपल्या वहीत रक्कम असते, मुदत नसते.

मोबाईलचा पैसा बोलतो

हिशेब न ठेवणाऱ्यांसाठी जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात जे घडले, ते डोळे उघडणारे आहे. तेथील व्यापारी कर खात्याने मोबाईलवरून आलेल्या रकमांची बेरीज करून वर्षाला ४० लाखांच्या वर गेलेल्या लहान दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. त्यांत करमुक्त भाजीपाला, फळे, दूध विकणारेही होते. मोठा गोंधळ झाला आणि सरकारला मागील वसुली थांबवावी लागली. परंतु मुद्दा कायम आहे. खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो; कोणी जुनी उधारी फेडतो, कोणी भाऊ हातउसने पैसे पाठवतो. ते वेगळे करून दाखवणारी वही हाताशी नसेल, तर बँकेतील आकडा हीच आपली विक्री ठरवली जाण्याची भीती असते. यात्रेच्या दिवसाची रोख, मोबाईल आणि उधारी अशी तीन खाती संध्याकाळीच वेगळी झाली पाहिजेत.

वही कोणाच्या ताब्यात?

शेवटचा प्रश्न मालकीचा. दिवाणजी बदलला तरी वही दुकानातच राहत असे. आता वही कंपनीच्या संगणकावर आणि पासवर्ड हिशेबनिसाकडे, अशी परिस्थिती दिसते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. वर्गणी भरली नाही तर जुने हिशेब उघडतील काय, सगळा हिशेब पेनड्राइव्हवर घरी नेता येईल काय, इंटरनेट नसताना बिल फाडता येईल काय, आणि मराठीत काम करता येईल काय, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेल्या दुकानदाराला स्वतःचा हिशेब वाचण्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागू नये.

आपल्या प्रश्नांना किंमत नाही, असे कोणी समजू नये. टॅली या नावाने घरोघरी पोहोचलेले सॉफ्टवेअर १९८६ साली बंगलोरात सुरू झाले. श्यामसुंदर गोयनका कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. आपल्या वह्या ठेवण्याजोगे काही बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचे पदवीधर असलेल्या मुलाला, भरत गोयनकांना, ते बनवायला सांगितले. त्याच भरत गोयनकांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. संगणक मुलाला कळत होता. हिशेब कसा हवा, हे वडिलांना ठाऊक होते.

तेव्हा असे मेळावे भरतील तेथे व्यापारी आणि कारागीर बांधवांनी जरूर जावे. जाताना आपल्या एका दिवसाची कच्ची वही बरोबर न्यावी आणि स्टॉलवरच्या माणसाला तोच दिवस आपल्यासमोर लिहून दाखवायला सांगावे. मीटर, वार, नग, कटपीस, रोख, उधारी आणि मुदत, सगळे त्यात आले आणि बेरीज जुळली, तर सौदा करावा. जुळली नाही, तर पुढच्या स्टॉलवर जावे.