वकिलांच्या संस्थेचा ठराव

न्यायालयांत एक वकील वादीची बाजू मांडतो, तर दुसरा प्रतिवादीची. दोघांचें एकमत होणें हें त्यांच्या धंद्याच्याच विरुद्ध! मग सबंध राष्ट्रांतील वकिलांचें मत म्हणून जें सांगितलें जातें, तें ठरतें तरी कसें? अमेरिकन बार असोसिएशनच्या कारभारांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

ही संस्था १८७८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील सॅराटोगा स्प्रिंग्ज येथें स्थापन झाली. धोरण ठरविण्याचा अधिकार १९३६ पासून तिच्या प्रतिनिधिगृहाकडे आहे. राज्यांतील व शहरांतील वकीलसंघांचे, तसेंच संस्थेच्या विषयवार शाखांचे मिळून सुमारें सहाशें प्रतिनिधि त्यांत बसतात आणि त्यांची सभा वर्षांतून दोनदां भरते. ठरावाला त्याचीं कारणें सांगणारा अहवाल जोडलेला असतो. पण मंजुरी मिळते ती ठरावाच्या शब्दांना, अहवालाला नव्हे. मंजूर धोरणाबाहेर जाऊन संस्थेच्या नांवानें बोलण्याचा अधिकार अध्यक्षांनाहि नाहीं.

म्हणूनच ठरावांतील एकेक शब्द तोलून घ्यावा लागतो. १९९७ सालीं २८० विरुद्ध ११९ मतांनीं मंजूर झालेला ठराव पाहावा. देहान्त शिक्षा असावी कीं नसावी, यावर त्यानें मत दिलें नाहीं. निवाडे निःपक्षपातीपणें होण्याची व्यवस्था होईपर्यंत त्या शिक्षेची अंमलबजावणी थांबवावी, एवढेंच मागितलें. मूळ प्रश्नावर ज्यांचें एकमत होणें कठीण, त्यांनाहि या एका मागणीवर एकत्र येणें शक्य होतें.

परंतु पद्धत चोख असली म्हणजे निर्णय न्याय्य होतोच असें नाहीं. तीन कृष्णवर्णीय वकिलांची सभासद म्हणून निवड झाली आहे हें लक्षांत येतांच कार्यकारी समितीनें १९१२ सालीं ती रद्द केली. त्यांपैकीं विल्यम लुईस हे तर केंद्र सरकारचे साहाय्यक ॲटर्नी जनरल होते! वार्षिक सभेंत तडजोड झाली. तिघांची निवड कायम ठेवण्यांत आली, पण यापुढें अर्जदाराचा वर्ण कळविला जावा असें ठरलें. दार लोटलें गेलें तें रीतसर ठरावानेंच. १९२५ सालीं कृष्णवर्णीय वकिलांनीं डे मॉइन येथें नॅशनल बार असोसिएशन ही आपली स्वतंत्र संस्था काढली. सभासदत्व वर्णावर अवलंबून नाहीं, असा ठराव जुन्या संस्थेनें केला तो १९४३ सालीं. आणि डेनिस आर्चर हे तिचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले ते २००३ सालीं.

ठरावानें घातलेला अडसर ठरावानेंच काढतां येतो, हें अशा कारभाराचें बळ. तो काढण्यास ३१ वर्षें लागूं शकतात, ही त्याची मर्यादा. गल्लींतल्या वाचनालयाची सभा असो कीं राष्ट्रीय संस्थेची, ‘सर्वानुमतें मंजूर’ म्हणण्यापूर्वीं सभासदानें मसुदा एकवार वाचून पाहावा. सभेंत ज्यांना जागाच मिळालेली नाहीं, त्यांच्याविषयीं त्यांत काय लिहिलें आहे?