जेवणाची सुई टळली, तरी थंडी सांभाळावीच लागते! इनहेलरचं इन्सुलिन घेऊन प्रवासाला निघताना हे वाचा

समुद्रपूर : सकाळच्या एसटीने नागपूरला जायचं, संध्याकाळी परत यायचं. नाहीतर चार दिवस लेकीकडे मुक्काम. शुगर असलेल्या माणसाला घरून निघताना एकच घोर असतो, इन्सुलिनचं काय करायचं? आता सुईशिवाय, तोंडाने श्वासात ओढायचं इन्सुलिनही आलं आहे. ‘अफ्रेझा’ नावाच्या या औषधाला अमेरिकेत 2014 मध्ये मंजुरी मिळाली. भारतात ते विकण्याची परवानगी सिप्ला कंपनीला डिसेंबर 2024 मध्ये मिळाली. हे औषध फक्त मोठ्या माणसांसाठी आहे. सुई नाही म्हणजे खिशात टाकलं की झालं, असं मात्र समजू नका.

‘रूम टेंपरेचर’ म्हणजे आपली खोली नव्हे

या इन्सुलिनची पावडर छोट्या कार्ट्रिजमध्ये भरलेली असते. न उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रिजबाहेर काढलं की 10 दिवसांत वापरून संपवायचं. एका पट्टीत 3 कार्ट्रिज असतात. पट्टी उघडली की ती 3 दिवसांतच वापरायची.

पण हे 10 दिवस आणि 3 दिवस साधारण 25 अंशांच्या हिशेबाने दिलेले आहेत. आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. टिनाच्या घरात किंवा उन्हात उभ्या गाडीत तर विचारूच नका. म्हणून उन्हाळ्यात माल फ्रिजमध्येच ठेवा आणि प्रवासात थंड ठेवायच्या पिशवीत न्या.

- पिशवीत बर्फाची थैली ठेवा, पण ती कापडात गुंडाळा. इन्सुलिन बर्फाला चिकटून गोठलं तर ते वाया गेलं.
- पावडरला ओल चालत नाही. पाकीट कोरड्या डब्यात बंद करून मग पिशवीत ठेवा.
- पिशवी एसटीच्या टपावर, डिक्कीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत नको. ती मांडीवर किंवा सीटखाली सावलीत ठेवा.
- लागेल तेवढंच सोबत घ्या, वर एक-दोन दिवसांचं जास्त. बाकीचं घरच्या फ्रिजमध्ये राहू द्या.
- पट्टी बाहेर काढली ती तारीख पेनाने पाकिटावर लिहा.

थंड कार्ट्रिज लगेच ओढायचं नाही. घेण्याआधी 10 मिनिटं बाहेर ठेवा. इनहेलर 15 दिवसांनी बदलायचा. तो पाण्याने धुवायचा नाही आणि दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही.

डोस घास समोर आल्यावरच

कार्ट्रिज तीन मापांत मिळतात: निळं 4 युनिटचं, हिरवं 8 चं आणि पिवळं 12 चं. सुईने 6 युनिट घेता म्हणून इथे 6 मिळणार नाही. कोणतं कार्ट्रिज घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. अंदाजाने बदलू नका.

हे इन्सुलिन जेवायला बसताना घ्यायचं असतं. ते काही मिनिटांतच कामाला लागतं. प्रवासात धोका होतो तो इथेच. समजा, जाम चौफुलीवर जेवण मिळेल म्हणून तुम्ही गाडीतच डोस घेतला आणि वाटेत गाडी अडली. इन्सुलिन आपलं काम करणारच, पोटात मात्र घास नाही. शुगर झपाट्याने खाली येईल. म्हणून ताट समोर आल्यावरच इनहेलर हातात घ्या. त्या वेळचं जेवणच चुकलं तर तो डोसही नाही.

कार्ट्रिज बसवल्यावर इनहेलर आडवा, सपाट धरायचा. उलटा झाला, हलला किंवा पडला तर पावडर सांडते आणि डोस कमी जातो. तसं झालं तर ते कार्ट्रिज टाकून नवं घ्या. त्यामुळे धावत्या एसटीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर डोस घेऊ नका. गाडी थांबल्यावर बसून घ्या.

लांब पल्ल्याचं, रोज एकदा किंवा दोनदा घ्यायचं इन्सुलिन सुरू असेल तर ते यामुळे बंद होत नाही. ती सुईही पिशवीत हवी.

शुगर खाली गेली तर

घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बोलण्यात गोंधळ वाटला की लगेच ग्लुकोमीटरवर तपासा. आकडा 70 च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यात घालून प्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. ठीक झालं की काहीतरी खा. मीटर नसेल तर वाट पाहू नका, साखर घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 वर फोन करा. साखरेची पुडी खिशात ठेवा, सामानात नको. सोबतच्या माणसालाही हे सांगून ठेवा.

हे औषध कोणी घेऊ नये?

दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर हे इन्सुलिन चालत नाही, श्वासनळ्या अचानक आवळू शकतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठीही ते नाही. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आया-बहिणींची फुफ्फुसं आधीच कमजोर असू शकतात. म्हणून सुरू करण्याआधी फुंकायच्या मशीनवरची फुफ्फुसाची तपासणी करावीच लागते. ती 6 महिन्यांनी पुन्हा आणि मग दरवर्षी करायची असते. सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत छातीच्या डॉक्टरांना विचारता येईल.

सुईवाल्यांनो, तुम्हीही लक्ष द्या

कुपीतलं किंवा पेनातलं इन्सुलिनही उन्हाने खराब होतं. वापरात असलेली कुपी साधारण 4 आठवडे चालते, पण तीही थंड जागीच. प्रवासात सिरिंज घ्यावी लागली तर कुपीवरचा आकडा बघा. 40 च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, 100 च्या कुपीला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली की डोस अडीचपट जास्त किंवा कमी जातो.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी, मीटर, साखर आणि थंड पिशवी एका जागी काढून ठेवा. प्रवासात जेवणाच्या वेळा बदलणार असतील तर डोसबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.