ज्यांना कुणी निवडून दिलं नाही

शिरूर आणि दौंड तालुक्यांत कसली ना कसली निवडणूक चालूच असते. ग्रामपंचायत झाली की सोसायटी, मग बाजार समिती, साखर कारखाना, नगरपालिका. पॅनेल पडतात, भावकी फुटते, गुलाल उधळतो. एवढ्या मतदानात एक खुर्ची मात्र कधीच येत नाही, ती तालुक्याच्या कोर्टातली. ज्यांच्या सहीनं बांधाच्या भांडणात मनाईहुकूम लागतो, माणूस तीन वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो, त्या जज्जसाहेबांना शिरूर-घोडनदीच्या एकाही मतदारानं मत दिलेलं नसतं.

आपल्याला यात काही नवल वाटत नाही. टेक्सासच्या माणसाला वाटेल. तिथे खटले चालवणारे जिल्हा न्यायाधीश दर चार वर्षांनी निवडणूक लढवतात, तेही रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट म्हणून. देणग्या गोळा होतात, अंगणात नावाच्या पाट्या लागतात. मिसिसिपीनं तर १८३२ मध्येच सगळे न्यायाधीश मतांवर निवडायचं ठरवलं. तसा फ्लेक्स दौंडच्या चौकात लागल्याची कल्पना करून बघा. आधी हसू येतं. मग ध्यानात येतं, की पडलेल्या पॅनेलचा कार्यकर्ता उद्या दाव्यात प्रतिवादी म्हणून याच साहेबांसमोर उभा राहणार.

आपल्याकडे ही वाट परीक्षेतून जाते. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मग मुलाखत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षं वकिली केल्याची अट पुन्हा घातली, म्हणजे पदवीचा कागद हातात पडताच खुर्चीवर बसणं आता बंद. नेमणूक राज्यपालांच्या नावानं होते. त्यानंतर बदली, बढती, रजा हे सगळं राज्यघटनेच्या २३५व्या कलमानं हायकोर्टाच्या हाती. आमदाराच्या चिठ्ठीला इथे वाटच ठेवलेली नाही. भाईंदरजवळ उत्तनच्या अकादमीत प्रशिक्षण होतं, आणि तिशीतली एखादी बाई, जिचं तालुक्यात सोयरं ना धायरं, सगळ्या तालुक्याची भांडणं ऐकायला येऊन बसते. सकाळी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दुपारी तीच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. म्हणजे वाटपाचा दावा आणि मारामारीची केस एकाच टेबलावर.

पट्टेवाला दारात येऊन नावं पुकारतो. बाकावरून एक म्हातारा उठतो, टोपी सारखी करतो. फाइलमध्ये रोजनामा असतो, प्रत्येक तारखेला काय घडलं त्याची नोंद. साधारण तीन वर्षांनी साहेबांची बदली होते. रोजनामा तिथेच राहतो आणि नवे साहेब मागचं वाचून पुढे लिहितात. या व्यवस्थेतलं मला सगळ्यात आवडणारं पान हेच. माणसं बदलतात, हस्ताक्षर बदलतं, गोष्ट मात्र तुटत नाही.

परका माणूस निःपक्षपाती असेल, पण त्याला गाव कितपत कळेल? हा प्रश्न याच मुलखानं एकदा फार कडवटपणे विचारला होता. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकारानं कोर्टाच्या हुकूमनाम्यावर देशमुख नावाच्या कर्जदाराचं घर पाडलं. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्यात, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, बाजाराच्या दिवशी दंगा पेटला. लोकांनी कर्जरोखे जाळले. त्यांचा राग त्या कागदावर होता. अंगठा दिसला की कोर्ट हुकूमनामा देई, आणि कुळ बहुधा हजरच नसे.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातून आला. त्यानं न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायला लावलं. मूळ रक्कम किती होती, व्याज किती चढलं, हे सगळं कर्जाच्या सुरुवातीपासून तपासायचं. पुण्यात सबजज राहिलेल्या महादेव गोविंद रानडे यांच्याकडे पुढे या कायद्याखालची कोर्टं तपासायचं काम आलं आणि ते तालुक्यातालुक्यांतून फिरले. १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, पण त्याआधी त्यांनी मामुली कर्जाच्या किती फाइली उलगडल्या असतील! जे लिहून घेतलं होतं आणि जे खरोखर हातात पडलं होतं, त्यातलं अंतर त्यांना एकेका फाइलीत मोजावं लागलं.