घरची मोटार : तिची निगा व तिच्या दुखण्यांची पारख

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आज चारचाकी मोटार उभी आहे. बैलाच्या खांद्यास सूज आली किंवा मोटेचा पंप कमी पाणी फेकूं लागला तर आमचा शेतकरी तें लांबून ओळखतो. परंतु मोटारीचें बॉनेट उघडलें कीं भले भले बागाईतदार दोन पावलें मागें सरतात आणि मिस्त्री सांगेल त्यास मान डोलावितात. हें बरें नव्हे. पांचसात लाखांची वस्तु घरांत आणावी आणि तिच्याविषयीं आपणांस कांहींच कळूं नये, हा व्यवहार शेतीच्या हिशेबांत कोठेंहि बसत नाहीं.

शहरांतील मोटार रोज धांवते. आमच्याकडील मोटारीचा वापर निराळा आहे. पेरणीच्या वा ऊसतोडीच्या दिवसांत ती आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस गोठ्याशेजारच्या छपरांत उभी असते. आणि एखाद्या रात्रीं बाळंतिणीस किंवा छातींत कळ आलेल्या वडील माणसास तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें झालें म्हणजे तिनें तत्काळ चालूं व्हावें अशी आपली अपेक्षा असते. त्या वेळीं किल्ली फिरवून नुसता टिक्‌टिक्‌ आवाज आला तर घरच्या माणसांवर काय प्रसंग गुदरतो, तें सांगावयास नको. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मोटार बहुधा एकाएकीं बंद पडत नाहीं. आधीं ती दिवा लावून, आवाज करून, वास सोडून किंवा जमिनीवर डाग पाडून सूचना देते. ती सूचना वाचण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं. महिन्यांतून अर्धा तास आणि एक वही लागते.

दिव्यांची भाषा

किल्ली फिरवितांच, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, चालकासमोरील बहुतेक दिवे क्षणभर लागतात व नंतर विझतात. ही त्या दिव्यांची हजेरी समजावी. जो दिवा हजेरीस लागतच नाहीं तो बिघडला असेल, किंवा दोष झांकण्यासाठीं कोणी मुद्दाम बंद केला असेल. जुनी मोटार विकत घेतांना तर हें अवश्य पाहावें.

लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. हिरवा व निळा केवळ माहितीसाठीं, एवढा भेद प्रथम ध्यानांत ठेवावा. लाल दिव्यांत तेलाच्या झारीचें चित्र सर्वांत गंभीर होय. चालत्या गाडींत तो लागला तर इंजिनांतील तेलाचा दाब पडला आहे असें समजून गाडी बाजूस घ्यावी व इंजिन तत्काळ बंद करावें. ‘गांव जवळच आहे, तेवढें जाऊं’ असें म्हणणारा मनुष्य त्या चार किलोमीटरांत अख्ख्या इंजिनाची किंमत मोजतो, कारण तेलावांचून आंतील बेअरिंगें घासून जावयास कांहीं मिनिटें पुरतात.

बॅटरीच्या चित्राचा दिवा चालत्या गाडींत लागला तर दोष बहुधा बॅटरींत नसून तिच्यांत वीज भरणाऱ्या अल्टरनेटरांत अथवा त्याच्या पट्ट्यांत असतो. कित्येक गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपहि चालतो. म्हणून हा दिवा लागल्यावर तापमानाकडेहि नजर ठेवावी. वर्तुळांतील उद्गारचिन्हाचा दिवा लागला तर हातब्रेक ओढलेला राहिला आहे काय तें पाहावें. नसेल तर ब्रेकचें तेल उतरलें आहे.

पिवळ्या दिव्यांत इंजिनाच्या चित्राचा दिवा लोकांस फार घाबरवितो. तो स्थिर असेल आणि गाडी नेहमींसारखी चालत असेल तर त्या आठवड्यांत दाखविली म्हणजे पुरे. परंतु तोच लुकलुकूं लागला व गाडी हिसके देऊं लागली, तर एखाद्या सिलिंडरांतील पेट्रोल न जळतां धुराड्याकडे जात आहे असें समजावें. तें तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जळून त्या महागड्या भागाचा नाश करतें. अशा वेळीं गाडी पुढें रेटूं नये.

गाडी सुरू होत नाहीं तेव्हां

येथें प्रथम कान लावावा. किल्ली फिरविल्यावर नुसतें टिक्‌टिक्‌ होतें व दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढला आहे. हा क्षार कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून घासल्यास निघतो. तारा सोडतांना ऋण टोक आधीं सोडावें व बसवितांना तें शेवटीं बसवावें. म्हणजे पान्हा गाडीच्या पत्र्यास लागून ठिणगी पडण्याचें भय राहत नाहीं.

इंजिन जोरानें फिरतें पण पेट घेत नाहीं, तर बॅटरी निर्दोष आहे. मग इंधन, ठिणगी किंवा किल्लीची ओळख यांपैकीं कशांत तरी दोष आहे. हल्लींच्या गाड्यांत किल्लींतील संकेत जुळल्यावांचून इंजिन सुरू होत नाहीं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या किल्लींतील लहान सेल संपला असेल तर बहुतेक गाड्यांत ती किल्ली बटणास टेकवून बटण दाबल्यास काम भागतें. ही युक्ति आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकांत पाहून घरांतील सर्वांस आधींच शिकवून ठेवावी.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडावयाची असल्यास क्रम चुकूं नये. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि तिचें शेवटचें टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर लावावें. बॅटरींतून निघणारा वायु ज्वालाग्राही असतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडूं नये म्हणून ही व्यवस्था.

चारपांचशें रुपयांचा एक व्होल्टमापक घरांत ठेवावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवीत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे; १२.२ म्हणजे निम्म्यावर आली. इंजिन चालूं असतां हाच आंकडा सामान्यतः १३.७ ते १४.७ यांच्या दरम्यान असावा. कांहीं नव्या गाड्यांत संगणक हा दाब मधून मधून कमी करतो. तरी तो सतत १२.५ च्या खालींच राहिला तर वीज भरली जात नाहीं, हें निश्चित.

इंजिन तापतें तेव्हां

घाट चढतांना पुढें उसाची ट्रॉली लागली व कांटा लाल खुणेकडे सरकूं लागला, तर थंड हवेचें यंत्र प्रथम बंद करावें. थांबण्याजोगी जागा येईपर्यंत हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरानें सोडावा. इंजिनाची कांहीं उष्णता त्या वाटेनें निघून जाते. मग गाडी थांबवून इंजिन बंद करावें आणि निदान अर्धा तास झांकणास हात लावूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें १०० अंशांच्या वर तापूनहि उकळलेलें नसतें. झांकण सैल होऊन दाब सुटला कीं तें एकदम उकळून तोंडावर उसळतें. या प्रकारांत माणसें भाजतात.

निवल्यावर बाजूच्या टाकींतील कमाल व किमान खुणांमध्यें पातळी आहे कीं नाहीं तें पाहावें. अडल्या वेळीं साधें पाणी घालण्यास हरकत नाहीं; मात्र विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यावर कायम गाडी चालविली तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच थर धरतो, जो आमच्या घरच्या बंबांत धरतो. म्हणून कंपनीनें सांगितलेल्या जातीचें कूलंटच, शुद्ध पाण्याच्या ठरलेल्या प्रमाणांत, भरावें. पातळी वारंवार उतरत असेल, तेलाच्या कांडीवर दुधासारखा फेस दिसत असेल, किंवा धुराड्यांतून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल, तर पाणी इंजिनाच्या आंत शिरत आहे. ही गाडी चालवीत न नेतां ओढूनच न्यावी.

टायर व ब्रेक

टायरमध्यें किती हवा असावी तो आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तकांत असतो. टायरच्या अंगावर छापलेला आंकडा कमाल मर्यादेचा आहे. तितकी हवा भरूं नये. हवा टायर थंड असतां मोजावी व जादा चाकाचीहि मोजावी. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी पडली. मधला भाग झिजला तर हवा अधिक झाली. एकच कड झिजली तर चाकें सरळ रेषेंत नाहींत. टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली कीं तो बदलावा; ती खूण दाखविणारे लहान उंचवटे खोबणींतच केलेले असतात.

आमच्याकडील गाड्या कमी धांवतात, म्हणून नक्षी शाबूत असतांच रबर वयानें कडक होतें व त्यास भेगा पडतात. टायरच्या अंगावर लांबट चौकटींत चार आंकडे असतात. ‘२३२२’ याचा अर्थ २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झालेला. नवा म्हणून टायर घेतांना हे आंकडे दुकानांतच वाचावे.

ब्रेक दाबतांना चिरका आवाज येणें ही पॅड झिजल्याची सूचना होय. पायाखालीं ब्रेक स्पंजासारखा मऊ लागला तर नळींत हवा शिरली आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें व ओल शिरलेलें तेल घाटांत तापून उकळूं लागतें; म्हणून तें सामान्यतः दर दोन वर्षांनीं बदलावें. उतारावर लहान गिअरमध्यें उतरावें. नुसत्या ब्रेकवर भार टाकूं नये. पावसाळ्यांत गाडी पुष्कळ दिवस उभी राहणार असेल तर हातब्रेक ओढून न ठेवतां गाडी गिअरमध्यें ठेवून चाकांस दगड लावावे. नाहीं तर मागचे ब्रेक गंजून चिकटतात.

उभ्या गाडीचे शत्रु

पहिला शत्रु उंदीर. छपरांत धान्य, पेंड किंवा कडबा असला कीं उंदीर येणार, आणि गरम इंजिनाच्या उबेस बसून तारांचें वेष्टण कुरतडणार. एक तार तुटली कीं निरनिराळे दिवे लागतात व मिस्त्र्याचाहि दिवस शोधण्यांत जातो. तंबाखू व डांबराच्या गोळ्या पुष्कळ लोक ठेवतात. त्यांस रामबाण मानूं नये. गाडीजवळून धान्य हलविणें, पिंजरा लावणें आणि दर तीनचार दिवसांनीं बॉनेट उघडून लेंड्या, गवत वा कुरतडलेला कापूस दिसतो काय तें पाहणें, हाच खरा उपाय.

दुसरा शत्रु ओल. आमच्या उसापासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत मिसळलें जातें. २०२२ सालीं देशांत त्याचें प्रमाण १० टक्क्यांवर व २०२५ सालीं २० टक्क्यांवर गेलें. यांत आमच्या मालास गिऱ्हाईक मिळालें हें खरें. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि जुन्या गाड्यांतील रबराचे कांहीं भाग त्यास टिकत नाहींत. म्हणून आपल्या गाडीस किती मिश्रण चालतें तें माहितीपुस्तकांत पाहावें व गाडी महिनाभर उभी राहणार असल्यास टाकी रिकामी ठेवूं नये. आठवड्यांतून एकदां नुसतें इंजिन सुरू करून बंद करण्यापेक्षां दहापंधरा किलोमीटरांची फेरी मारणें अधिक हिताचें.

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. घर ते शेत एवढ्याच फेऱ्या केल्यास ती तुंबते, कारण काजळी जळून जाण्याइतकी ती तापतच नाहीं. तिचा दिवा लागल्यास मोठ्या रस्त्यावर पंधरावीस मिनिटें एका वेगानें गाडी चालवावी.

वहीचें महत्त्व

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तेथें एक गोष्ट पटली कीं, तोंडी सांगितलेलें वर्षानें बदलतें, लिहिलेलें बदलत नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीचा जसा वृत्तांत असतो तसा मोटारीचाहि असावा. तारीख, किलोमीटर, काय दिसलें, काय केलें व खर्च किती, एवढे पांच रकाने पुरेत.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या गाडीस एका वर्षांत दोन बॅटऱ्या घालून झाल्या, आणि तिसरी घालण्याचा सल्ला मिळाला. त्यांनीं वही लिहिली होती. ती चाळतां असें दिसलें कीं गाडी रोज चालली तर कधींच अडत नाहीं. चार दिवस उभी राहिली कींच अडते. म्हणजे उभ्या गाडींत कोठेंतरी वीज गळत होती. किंचित वीज घड्याळ व संगणक यांस लागतेच. ती साधारण ५० मिलिॲम्पियरच्या आंत असावी. येथें मोजतां ती पुष्कळ अधिक निघाली. मागील डिकींतील लहान दिवा झांकण लागल्यावरहि जळत राहत होता. त्याचें बटण बदलण्यास किरकोळ खर्च आला व तिसरी बॅटरी वांचली.

यावरून मिस्त्र्याशीं कसें बोलावें तेंहि कळेल. ‘अमुक भाग बदला’ असें सांगूं नये, लक्षण सांगावें. आवाज सकाळीं थंडींत येतो कीं तापल्यावर, वळणावर कीं ब्रेक दाबतांना, किती वेगास, हें सांगितल्यास त्याचें निम्में काम होतें. यंत्र लावून दोषाचा संकेत काढला तर तो वहींत उतरवून घ्यावा. मात्र तो संकेत दोष कोणत्या भागाच्या आसपास आहे एवढेंच सांगतो. तोच भाग निकामी झाला असें सांगत नाहीं. म्हणून भाग बदलण्यापूर्वीं तपासून पाहिला काय, असें विचारावें, आणि काढलेला जुना भाग व बिल मागून घ्यावें.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सपाट जागीं, थंड इंजिनावर, तेल, कूलंट, ब्रेकचें तेल, कांच धुण्याचें पाणी, पांचहि चाकांची हवा, सर्व दिवे, बॅटरीचे व्होल्ट आणि गाडीखालील जमिनीवरचे डाग, इतकें पाहून वहींत लिहावें. गाडी कितीहि कमी चालली तरी इंजिनाचें तेल माहितीपुस्तकांत दिलेल्या मुदतींत, निदान वर्षांतून एकदां, बदलावें. हें काम घरांतील मुलामुलींसहि शिकवावें. कारण रात्रीं अडचण येईल तेव्हां घरचा कर्ता पुरुष घरींच असेल असा नियम नाहीं.