ट्रकचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि दुरुस्तीचा खर्च

भिवंडीची गोदामे आणि मुंबई-नाशिक महामार्ग यांच्यामुळे गणेशपुरीच्या परिसराला अवजड वाहतूक परिचयाची आहे. क्लचचे पेडल नसलेल्या ट्रकचा गिअरबॉक्स बिघडला की तो संपूर्ण बदलावाच लागतो, अशी समजूत मात्र सर्रास आढळते.

वस्तुतः असे गिअरबॉक्स मुख्यतः दोन प्रकारचे असतात. ॲलिसनसारख्या पूर्ण स्वयंचलित रचनेत टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या प्रवाहातून इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणारा भाग) असतो. व्होल्वोच्या आय-शिफ्टसारख्या एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) रचनेत मात्र दातेरी चाके आणि क्लच नेहमीचेच असून, केवळ ते हलवण्याचे काम ॲक्चुएटर (संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रणा) करतो. त्यामुळे एएमटीत गिअर पडत नसेल, तर दोष अनेकदा ॲक्चुएटर, सेन्सर, वायरिंग किंवा हवेचा दाब यांत असतो. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर जळाला म्हणून कोणी पंप बदलत नाही, तसेच हे आहे.

दातेरी चाके, बेअरिंग खरोखरच झिजली असतील, तर ओव्हरहॉल (गिअरबॉक्स पूर्ण खोलून झिजलेले भाग बदलणे) पुरते. मुख्य कवच तडकले किंवा आतील बहुतेक भाग निकामी झाले, तरच नवा गिअरबॉक्स सहसा किफायतशीर ठरतो. खर्चाची तुलना करताना सुटे भाग आणि मजुरी यांच्याबरोबरच ट्रक उभा राहिल्याने बुडणारे भाडे, कर्जाचा हप्ता आणि मिळणारी हमी यांचाही हिशेब धरावा, आणि निर्णयापूर्वी संगणकीय तपासणीचा लेखी अहवाल अवश्य मागावा.