टायर वजन उचलतो की हवा?

ट्रकचे वजन कोण पेलते, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'टायरचे रबर' असे उत्तर देतील. पण हवा काढली की तोच टायर चपटा होऊन बसतो. म्हणजे भार पेलण्याचे मुख्य काम हवेच्या दाबाचे. टायर हे त्या हवेला धरून ठेवणारे मजबूत भांडे. हे आपण एका उदाहरणाने पडताळून पाहू.

अमेरिकेत अनेक कुटुंबे मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून प्रवासाला निघतात. त्यात पलंग, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी असे सगळे असते. असे एक घर सामानासह ४००० किलो भरते असे समजू. त्याचा पुढचा दांडा मोटारीच्या हुकावर टेकतो. साधारण १० ते १५ टक्के भार तिथे जातो. १२ टक्के धरले तर ४८० किलो गेले, ३५२० उरले. चार चाकांत वाटल्यावर प्रत्येकावर ८८० किलो आले.

अशा घरांसाठी खास टायर असतात. त्यांच्यावर 'एसटी' अशी अक्षरे असतात. आपल्या लाल गाडीशी त्यांचा संबंध नाही. ती 'स्पेशल ट्रेलर'ची आद्याक्षरे आहेत. २२५/७५ आर १५ या एकाच मापाचे तीन प्रकार पाहा:

सी : हवा ५० पौंड, कमाल भार ९७५ किलो
डी : हवा ६५ पौंड, कमाल भार ११५० किलो
ई : हवा ८० पौंड, कमाल भार १२८५ किलो

('पौंड' म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड दाब.)

मग ८८० किलोला 'सी' पुरेल का? कागदावर पुरेल. पण ८८० ही सरासरी आहे. फ्रीज आणि भरलेली टाकी एकाच बाजूला असली आणि एका चाकावर १५ टक्के जास्त भार आला, तर तो १०१२ किलो होतो. इथे 'सी' नापास! 'डी'मध्ये १३८ किलोंची सवड उरते, 'ई'मध्ये २७३ किलोंची. मात्र 'ई' बसवायचा तर चाकाची रिम आणि व्हॉल्व्हही ८० पौंडांचा दाब सोसणारे हवेत.

आता खरी गंमत. 'ई' टायर आणला, पण हवा ५० पौंडच भरली तर? त्याची क्षमता ९७५ किलोच राहते! जाड टायर जास्त दाब सहन करतो, एवढाच त्याचा गुण. तो दाब आपण भरला नाही, तर जास्तीचे पैसे वाया गेले.

भार जास्त किंवा हवा कमी असेल, तर टायर जमिनीशी अधिक चपटा होतो. प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू वाकते आणि सरळ होते. ताशी ९० किलोमीटर वेगाने हे चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते. वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. उरलेलीची उष्णता होते. तापलेल्या टायरचे थर सुटू लागतात आणि भर रस्त्यात तो फुटतो. म्हणूनच हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासायची.

हा प्रयोग शाळेत सायकलवर करता येईल. दोन्ही चाकांखाली आलेखाचा कागद ठेवा, टायरला ओला रंग लावा आणि एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवून दोघांनी सायकल धरा. उमटलेल्या ठशांचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मोजा. हवा ४० पौंड असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो होतो. क्षेत्रफळाला दाबाने गुणले की सायकल आणि स्वार यांचे वजन जवळपास मिळेल. थोडा फरक पडेल, कारण टायरच्या बाजूही काही भार घेतात, शिवाय नक्षीच्या खाचा कागदाला टेकत नाहीत.

मग हवा थोडी कमी करून ठसा पुन्हा घ्या. वजन तेच असताना ठसा का वाढला, हे मुलांनाच सांगू द्या. आणि उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉलीच्या टायरवर किती भार येत असेल, याचा हिशेबही त्यांच्याकडूनच करून घ्या.